तात्या, टारफुला मेंढरांनी आणला नव्हता

तात्या,

तुमच्या दत्ताचा फोन आला तेव्हा मी काचेच्या बश्यांमध्ये टारफुल्याचं, त्या ज्वारी खाणाऱ्या तणाचं, बी भिजत घालत होते. तो एमआयडीसीतल्या बूथवरून बोलत होता. मागे मोटारसायकलींचा गोंगाट होता, डेअरीची पाळी बदलत असावी. घरून निरोप त्याला डेअरीत मिळाला आणि त्याने निघण्याआधी मला कळवलं. "ताई, तात्या गेलं सकाळी," एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हणाले. अशा वेळी बरं म्हणतात का? फोन ठेवला, परत टेबलाशी आले आणि उरलेल्या चार बश्या पूर्ण केल्या. कागद ओला केला, बी पसरलं, झाकणं लावून वर तारीख घातली, बश्या उबदार पेटीत ठेवल्या. मग एसटी स्टँडवर गेले. तुमच्या गावी, लोणी भापकरला, पोचले तेव्हा माणसं तुम्हाला पोचवून ओढ्याकडून परत येत होती.

त्या बश्या थांबल्या असत्या, तात्या. बी इतकी वर्षं थांबतं, तर एक दिवस थांबायला त्याचं काय जात होतं? मला तुमच्या तोंडासमोर उभं राहायची भीती वाटत होती, म्हणून मी ते काम काढलं. तुमचे डोळे मिटलेले असणार हे माहीत असूनही वाटत होती.

तुमच्या रानात टारफुला उगवला तो तुमच्या मेंढरांनी आणला नव्हता. मी आणला होता. हे एवढंच सांगायचं होतं आणि चार वर्षांत ते माझ्याच्याने झालं नाही. तुम्ही गेल्यावर आठ दिवसांनी कागदावर लिहितेय, यात काही मोठेपणा नाही हे मला कळतं.

एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा तुमच्या दारात आले. संशोधन केंद्रात नवीन लागले होते. नवी कोरी पर्स, हातात नकाशा, आणि बारामतीसारख्या गावात वाढूनही बांध ओलांडायची धड सवय नाही. मला असं एक कोरडवाहू रान हवं होतं जिथे टारफुला कधीच आला नाही. दुसरं रान आधीच ठरलं होतं, लासुर्ण्याचं, पाटाच्या पाण्याखालचं, काळंभोर. तिथल्या एका शेतकऱ्याच्या कडवळात, चाऱ्याच्या ज्वारीत, टारफुला माजला होता. त्याची वाळलेली बोंडं झटकून मी बी गोळा केलं होतं. ते बी दोन्ही रानांत पुरायचं आणि दर काही महिन्यांनी उकरून बघायचं, कुठल्या मातीत, कुठल्या उन्हात आणि ओलीत ते किती काळ झोपतं आणि कधी जागं होतं. असा तो प्रयोग.

तुम्ही ओसरीवर दोर वळत बसला होता. सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजी माज्या चांगल्या रानात रोग पुराया आलाय व्हय, बाई?"

मी नायलॉनच्या कापडाच्या त्या छोट्या पुड्या काढून दाखवल्या. कापड इतकं बारीक विणीचं की आत पाणी जाईल, पण धुळीच्या कणाएवढं ते बी बाहेर पडणार नाही. प्रत्येक पुडीला दोरा, दोऱ्याला खुंटी. "एकूण एक पुडी मोजून परत काढणार, माझा शब्द," म्हणाले. तुम्ही पुडी उन्हाला धरून बघितली. "एवढुसं? आन् ह्ये ज्वारी खातंय?" मग उठलात, पहार घेतलीत आणि बांधाच्या कोपऱ्यातली जागा स्वतः उकरून दिलीत. तुमच्या घरच्या, म्हणजे मावशी, मागून ओरडल्या, जेवायची वेळ झाली म्हणून. तेव्हापासून मी आले की जेवूनच जायचं, असा नियम झाला.

त्या दोन वर्षांत मी विद्यापीठात शिकले नाही एवढं तुमच्या त्या कोपऱ्यात बसून शिकले. तुम्ही चपला काढून उभे राहायचात आणि तळव्याने सांगायचात, वरची माती किती तापलीय आणि वीतभर खाली ओल शिल्लक आहे का. माझा थर्मामीटर पाच मिनिटांनी तेच सांगायचा. सुरुवातीला मला राग यायचा, नंतर मी आधी तुम्हाला विचारायला लागले.

आणि तुमचे प्रश्न. मी सांगायचे, पिकलेलं बी लगेच उगवत नाही. त्याला एक उन्हाळा तापू द्यावं लागतं. मग पावसाची उबदार ओल दहा-पंधरा दिवस मुरावी लागते. थंडीत किंवा कोरड्यात काही होत नाही, ते पडून राहतं. आणि एवढं सगळं जुळून आलं तरी ते फुटत नाही. अगदी जवळून ज्वारीचं मूळ गेलं, त्या मुळाचा पाझर त्याला लागला, तरच ते तोंड उघडतं, मुळाला चिकटतं आणि जमिनीखालीच ज्वारीला प्यायला लागतं. पाझर लागला नाही तर ओल संपल्यावर परत झोपतं. पुढच्या पावसापर्यंत किंवा त्याच्या पुढच्या, किंवा कितीही.

"म्हंजी मानाचा पावणा हाय," तुम्ही म्हणालात. "बोलावनं आल्याबिगर उठत न्हाय." आणि जरा वेळाने, "पर मला सांगा, न उगवल्यालं बी मेलंय का निजलंय, ह्ये कसं वळकायचं?"

मी म्हणाले, उठवून बघायचं. उठलं तर निजलेलं होतं.

"आन् न्हाय उठलं तर?"

यावर आपला वाद व्हायचा. मी म्हणायचे, सगळं देऊनही उठलं नाही म्हणजे मेलं असं धरायचं. तुम्ही म्हणायचात, धरायचं कशापायी, त्याला आपलं बोलावनं पसंत नसंल. लासुर्ण्याच्या पुड्यांनी तुमची बाजू घेतली. तिकडं बी महिनोन्महिने ओलं राहिलं, पुष्कळसं कुजलं, पण जे उरलं तेही हट्टाने उठेना. फार ओलीत राहिलं तर ते पुन्हा झोपी जातं हे मला तेव्हा कळलं. तुमच्या मुरमाड रानातलं मात्र दर उन्हाळ्यानंतर अधिकच तरतरीत. हे सांगितल्यावर तुम्ही हसलात. "आमच्या रानात समदं टिकतंय, माणसं सोडून." दत्ता त्याच महिन्यात डेअरीत लागला होता.

मला तुम्ही बाईवरून 'लेकी'वर कधी आलात ते आठवत नाही. आठवायचा प्रयत्न केला, कारण त्यानंतर मी तुमच्याशी खोटं बोलले.

शेवटची उकरणी त्र्याण्णवच्या चैत्रात झाली. सगळ्या पुड्या निघाल्या, एक सोडून. दोरा होता, खुंटी होती, खाली पुडी नव्हती. तुम्ही विहिरीवर मोटर बघायला गेला होता. मी हाताने उकरत गेले तर उंदराचं बीळ लागलं आणि बिळाच्या तोंडाशी नायलॉनचा कुरतडलेला तुकडा. आत एकही कण नव्हता. मी तो तुकडा पर्समध्ये टाकला आणि खड्डा बुजवला. तुम्ही आलात, विचारलंत, "निघाल्या का समद्या?" मी हो म्हणाले. केंद्रातल्या वहीतही तेच लिहिलं, कारण सरांना अहवाल आठवड्यात पाठवायचा होता आणि एक पुडी कमी म्हणजे प्रयोगाला बट्टा. "शब्द पाळलास, लेकी," असं तुम्ही म्हणालात. मावशींनी त्या दिवशी पुरणपोळी केली होती. मी दोन खाल्ल्या.

तेव्हा खरंच वाटलं होतं की काही होणार नाही. उंदराने कुठं नेलं असेल कोण जाणे. एवढ्याशा बियाने काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं. एवढ्याशा बियाने काय होतं हेच शिकायचा मला पगार मिळत होता.

दोन वर्षांनी तुम्ही केंद्रावर आलात, पहिल्यांदाच. फेटा बांधलेला. दारातच उभे राहिलात. म्हणालात, "ज्वारी पाण्यात उभी हाय आन् मान टाकतीय. ही म्हणती कुनी करनी केली. चल बगाया."

ओल्या मातीत उभी असून दुपारच्या उन्हात वाळल्यासारखी झालेली ती ज्वारी मी लांबूनच ओळखली. बुडाशी ती टारफुल्याची इवलीशी पांढरी फुलं. दिसायला इतकी साधी की कुणीही देवाला वाहील. 

तुम्ही विचारलंत, "कुठनं आलं म्हनायचं?"

आणि मी जे शेतकरी मेळाव्यात पाठ म्हणत असे ते म्हणाले. बी वाऱ्याने येतं, पाण्याने येतं, बैलाच्या खुराला चिकटून येतं. टारफुला मिसळलेला कडबा खाल्लेल्या जनावराच्या शेणातून येतं, पोटात ते मरत नाही.

"लेंडीतनं?"

"येऊ शकतं," मी म्हणाले.

हे शास्त्राच्या दृष्टीने खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला इतकं सोपं गेलं.

तुम्ही बांधावर बसलात. आदल्या हिवाळ्यात मेंढरं इंदापूरच्या अंगाला गेली होती, लासुर्ण्याजवळच्या मोकळ्या झालेल्या रानांत चरली होती, आणि आल्यावर तुम्हीच ती या रानात बसवली होती, खतासाठी. आजोबांपासून चालत आलेली रीत. घरं मेंढपाळकी सोडून शेतीला लागली तरी तुम्ही पाच-पन्नास मेंढरं राखली होतीत, आणि पावसाआधी गावातली माणसं तुम्हाला बोलवायची, आमच्या रानात चार रात्री बसवा म्हणून. तुम्ही ते एकेक जुळवत गेलात आणि मी समोर उभी राहून बघत होते. "माज्याच हातानं आणलं म्हनायचं," म्हणालात. मी फक्त 'असं कसं म्हणता' एवढं म्हणाले. असं माणूस म्हणतं तेव्हा ऐकणाऱ्याला ते होच वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी नोंदीसाठी एकेक रोप कागदावर मांडलं. बांधाच्या त्या कोपऱ्यात दाट, आणि तिथून नांगर ज्या बाजूला ओढला होता त्या बाजूला विरळ होत गेलेलं. मेंढरं बसली होती दुसऱ्या टोकाला, विहिरीकडं. तिथं एकही रोप नव्हतं. तो कागद बघायला शेतीतलं फार कळावं लागत नाही. तुम्ही मागितला असता तर मला दाखवावा लागला असता. तुम्ही मागितला नाहीत, तुमचा माझ्यावर विश्वास होता.

मग तुम्ही ते केलंत जे मी करायला हवं होतं. ज्यांच्या रानात तुमची मेंढरं बसली होती त्या सहाही घरी तुम्ही गेलात. मला हे मावशींकडून कळलं. दारात उभं राहून तुम्ही सांगितलंत, "माज्या मेंढरांनी तुमच्या रानात रोग टाकला असंल. ज्वारीच्या बुडाशी पांढरं फुल दिसलं की बी धरायच्या आदी उपटा." कुणाच्याच रानात नव्हता. कसा असेल? पण पुढच्या उन्हाळ्यात एकाही घरानं मेंढरं बोलावली नाहीत. त्याच्या पुढं तुम्ही ती विकलीत. बाजारातून आल्यावर तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत, हेही मला मावशींनीच सांगितलं, भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता.

पूर्ण एक वर्ष होतं माझ्याकडं, तात्या. तुम्ही घरं फिरलात आणि मेंढरं विकलीत त्याच्या मधलं. त्या वर्षात मी सात-आठ वेळा तरी आले. दर वेळी एसटीत बसून वाक्य जुळवत यायचे. मग तुम्ही पाणी द्यायचात, पिकाचं विचारायचात आणि माझं वाक्य जिरून जायचं. त्याऐवजी मी उपाय सांगायचे. भुईमूग घ्या, चवळी घ्या. त्यांच्या मुळांचा पाझर लागून टारफुल्याचं बी फुटतं, पण त्या मुळावर त्याला जगता येत नाही, चार दिवसांत उपाशी मरतं. तुम्ही ऐकलंत आणि तुमच्या कपाळाला आठी पडली.

"म्हंजी खोटं बोलावनं धाडायचं."

"शेती आहे, तात्या."

"व्हय. पर बरं न्हाय वाटत."

तरी तुम्ही तीन हंगाम भुईमूग घेतलात. मी सांगितलं म्हणून.

गेल्या माघात शेवटची भेट झाली. तुम्ही घोंगडी पांघरून उन्हात बसला होता, खोकला लागला होता. रिकाम्या वाड्याकडं तोंड करून बसला होता, मेंढरांच्या. काटेरी फांद्यांचं कुंपण अजून तसंच होतं. तुम्ही ते मोडू दिलं नव्हतंत. विचारलंत, "त्ये बी आजून जित्तं असंल का गं?" मी म्हणाले, काही असेल. खूप वर्षं राहतं. "मग मी जाईन आन् त्ये ऱ्हाईल." हसून म्हणालात. मी तेव्हा तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. मावशी चहा घेऊन आल्या.

आता तुम्ही कुठंही दिसता. केंद्राच्या गॅलरीत फेटा बांधलेला कुणी उभा असला की माझे पाय थांबतात. सूक्ष्मदर्शकाखाली बी घेतलं की तुमचा प्रश्न ऐकू येतो, मेलंय का निजलंय. त्या चार बश्या अजून उबदार पेटीत आहेत. मी झाकण काढलेलं नाही. मला कशाची भीती वाटते ते धड सांगताही येत नाही.

काल मी मावशींना सगळं सांगितलं. त्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. पुडी, बीळ, वही, कागद, सगळं. एकदाही थांबले नाही, कारण थांबले असते तर परत पळाले असते. त्यांचा हात सुपात चालत राहिला.  मी रडत होते, त्याकडंही त्यांनी लक्ष दिलं नाही.

मग म्हणाल्या, "त्यांना सा घरं फिरावं लागलं, बाई. तुमाला येकच घर व्हतं."

मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी उठून पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि परत निवडायला बसल्या. मी विचारलं, आता काय करू. "मला काय इचारताय," म्हणाल्या. "त्यांनी काय केलं त्ये तुमाला म्हाईत हाय."

म्हणून आज सकाळी मी त्या सहा घरी गेले, तात्या. दारात उभी राहिले, तुम्ही राहिला होता तशी. सांगितलं की तात्यांच्या मेंढरांनी रोग आणला नव्हता, तो मी पुरलेल्या बियातून आला, आणि मला ते माहीत होतं. तिघांनी नुसतं ऐकून घेतलं. एका बाईंनी दार लावून घेतलं. एकाने मला बसायला सांगितलं, ते सगळ्यात कठीण गेलं.

शेवटचं घर ओढ्यापलीकडचं, तुमच्या वयाच्या आबांचं. ते गोठ्यात म्हशीला पाणी पाजत होते. माझं बोलणं ऐकता ऐकता त्यांनी बादली खाली ठेवली आणि दगडावर बसले. म्हणाले, "समदी न्हाई म्हणाली तवा तात्या हितं आल्ता. बोलावल्याबिगर कंदी आला न्हाय, त्या दिशी आला. म्हणला, यंदा बसवू का मेंढरं, दोनच रात्री? मी म्हणलो, नगं. रोग हाय तुज्या मेंढरांत."

म्हैस बादलीला तोंड लावून थांबली होती. त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

"आता ह्ये मी कुनाला जाऊन सांगू, बाई?" आबांनी विचारलं. मी त्यांच्यासमोर तशीच उभी राहिले, तात्या.